मदत हवी आहे: स्लीव्हच्या ऑपरेशननंतर दुखण्यासाठी पाठीतली नळी की पोटाचा ब्लॉक?

पेशंट जळगावची, वय 46, बीएमआय 44, झोपेत श्वास अडकतो, घरी सीपॅप (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) आहे. दुर्बिणीतून स्लीव्ह (वजन उतरवायला जठर कापून लहान करणं) ठरली आहे. नातेवाईक अडून बसलेत: "पूर्ण भूल नको, कमरेतलंच इंजेक्शन द्या." पोटात गॅस भरला की श्वासपटल वर ढकललं जातं, त्यामुळे घशात नळी घालून पूर्ण भूल लागणारच. प्रश्न नंतरच्या दुखण्याचा आहे. एपिड्युरलने, म्हणजे पाठीत बारीक नळी ठेवून दिलेल्या बधिरीच्या औषधाने, मॉर्फिन वाचतं खरं, पण चरबीखाली मणका बोटाला लागत नाही, बीपी उतरतं, आणि रक्ताची गुठळी टाळायला दिलेल्या एनॉक्सापॅरिनच्या 40 मिलिग्रॅमनंतर ती नळी काढायला 12 तास थांबावं लागतं. त्यात पेशंटला संध्याकाळीच चालवायचंय! सोनोग्राफीत बघून टॅप ब्लॉक (पोटाच्या भिंतीतल्या नसा बधिर करणारं इंजेक्शन) आणि जोडीला पॅरासिटामॉल, हेच मला पटतं. धुळे-जळगावात असा ब्लॉक आणि पहिल्या रात्री सीपॅपसह ऑक्सिजनवर लक्ष, दोन्ही कुठे होतं?