मदत हवी आहे: पोहताना दम टिकतो, पण हात भरून येतात

नमस्कार. अर्ध्या आयर्नमॅन अंतराच्या ट्रायथलॉनची तयारी करतेय. १.९ किमी पोहणे, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावणे. हातात १४ आठवडे आहेत.

पायांची आणि श्वासाची तक्रार नाही, अडतंय ते खांदे आणि दंडांत. पहिले हजार-अकराशे मीटर १०० मीटरला २ मिनिटं ५ सेकंद या वेगाने आरामात जाते. मग दंडाची मागची बाजू आणि काखेखालचा भाग भरून येतो आणि शेवटी त्याच १०० मीटरला २:२५ लागतात. तेव्हाही धाप लागलेली नसते, हेच मला खटकतं. मागच्या रविवारी स्ट्रोक मोजले. सुरुवातीला २५ मीटरला २१, शेवटी २६. मैत्रिणीने पाण्याखालून व्हिडिओ काढला, त्यात स्पष्ट दिसलं की दमल्यावर माझं कोपर खाली पडतं आणि पंजा पाणी मागे ढकलायच्या ऐवजी खाली दाबत राहतो. म्हणजे उरलीसुरली ताकदही फुकट जातेय.

सायकलवरही तेच. एरोबारवर (हँडलला पुढे लावलेले दांडे, त्यांवर कोपरं टेकवून वाकून बसतात) साठेक किमी झाले की मानेच्या मुळाशी जळजळ सुरू होते आणि उठून बसावं लागतं.

चार महिने आठवड्यातून दोनदा जिम केली. बेंच प्रेस, लॅट पुलडाउन, डंबेल रो, सगळे ८-१० चे तीन सेट. पुलडाउन ३० किलोवरून ४२ वर गेलं, जोर १२ वरून २५ झाले. पोहण्याच्या शेवटच्या ८०० मीटरमध्ये मात्र काडीचा फरक नाही. मग पंजांना मोठे पॅडल (पाणी जास्त ओढायच्या प्लास्टिकच्या चपट्या) लावून पोहायला लागले, तर दोन आठवड्यांत उजव्या खांद्यात पुढच्या बाजूने टोचायला लागलं. ते बंद केलंय.

आता वजन कमी करून रिपिटेशन वाढवू, की जिम सोडून तो वेळ पाण्यातच घालवू? ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगावं. मनापासून हवं आहे हे.

प्रतिसाद

आधी खांदा. टोचणं पूर्ण थांबेपर्यंत पॅडल नकोत, आणि रात्री कुशीवर झोपताना दुखत असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवाच. तोवर कोपर कमरेला टेकवून हलक्या रबर बँडने हात बाहेर फिरवायचा व्यायाम करा.

धावून, सायकल चालवून हृदय तयार होतं. पण केशवाहिन्या आणि मायटोकाँड्रिया (पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं) ज्या स्नायूला काम दिलं त्यातच वाढतात, पायांची कमाई हातांना मिळत नाही. त्यात हातांचे स्नायू लहान. तेवढाच ऑक्सिजन वापरून हातांनी काम केलं तर नाडी आणि लॅक्टेट (जोराच्या कामात स्नायूंतून रक्तात येणारा पदार्थ) पायांपेक्षा जास्त चढतात. क्रॉसकंट्री स्कीवाले रोलर स्कीवर (चाकं लावलेल्या स्कीवर) नुसत्या काठ्या मारत लांब चढ चढतात, ते यासाठीच.

जिम सोडू नका. कमाल ताकद वाढली की प्रत्येक स्ट्रोकला तिचा लहान हिस्सा लागतो. पहिले चार-पाच आठवडे एक दिवस जड, ४-६ चे सेट आणि मध्ये पुरेशी विश्रांती. दुसरा दिवस हलका, २०-३० चे सेट, कमी विश्रांती. पुढे दोन्ही दिवस हलके, आणि त्यात स्ट्रेच कॉर्ड (एका जागी अडकवून ओढायची रबरी दोरी) घ्या. कमरेतून वाकून एक मिनिट पाण्यातल्यासारखं ओढायचं, अर्धा मिनिट थांबायचं, असे आठ वेळा. कोपर पडलं की तो सेट तिथेच संपला, मिनिट पुरं करायचा हट्ट नको.

खांदा शांत झाला की पाण्यात पुल बॉय (मांड्यांमध्ये धरायचा तरंगणारा फोम, म्हणजे काम फक्त हातांना) लावून १०० मीटर दहा वेळा, मध्ये १५ सेकंद. २५ मीटरला स्ट्रोक २३ च्या वर गेले की थांबा. दमलेल्या हातांनी मारलेले चुकीचे स्ट्रोकच अंगवळणी पडतात.

मानेसाठी एरोबार थोडे उंच करून बघा. भार हाडांवर टेकला पाहिजे, स्नायूंनी उचलून धरलेला नको.

धागाकर्ती

खूप आभार. स्ट्रोक मोजून थांबायचं मला सुचलंच नव्हतं. एकच विचारायचं राहिलं, जिम आणि पोहणं एकाच दिवशी आलं तर आधी काय?

प्रतिसाद

आधी पोहणं. ताजे खांदे पाण्याला द्या. तीन आठवड्यांनी शेवटच्या २५ मीटरचे स्ट्रोक इथे लिहा, मग पुढचं ठरवू.