एकटीने कुठे जाऊ? (प्रश्न संध्याकाळी सहा ते दहाचा आहे)

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

मी पुण्यात सहकारनगरला राहते, वय पंचेचाळिशीच्या पुढे, नोकरी करते. जानेवारीत आठवडाभराची रजा मंजूर झालीये आणि यावेळी एकटीनेच जायचं ठरवलंय. नवऱ्याला रजा नाही आणि तसाही त्याला प्रवास म्हणजे शिक्षा वाटते, लेक हॉस्टेलवर, मैत्रिणींचं गेली कित्येक वर्षं "जाऊया गं जाऊया" चालू आहे आणि त्या ग्रुपवर आता फक्त गुड मॉर्निंग येतं. तर ते सगळं सोडून दिलं.

सोलो ट्रॅव्हलचे व्हिडिओ बघून झाले, पण ते सगळे पंचविशीतल्या पोरापोरींचे. सूर्योदय बघतात, दिवसभर फिरतात, मग संध्याकाळ एकदम कट आणि डायरेक्ट दुसऱ्या दिवशीचा सूर्योदय. माझा प्रश्न त्या कट केलेल्या भागाचा आहे. दिवसा मी कुठेही फिरेन, भीती वाटत नाही. पण जानेवारीत सहा-सव्वासहाला अंधार पडतो, तिथून झोपेपर्यंत अनोळखी गावात एकट्या बाईने करायचं काय? रूमवर बसून टीव्हीच बघायचा असेल तर घरचा टीव्ही मोठा आहे.

माहिती म्हणून: शाकाहारी (अंडं चालतं), अॅक्टिव्हा पुण्यात चालवते पण बाहेरगावी भाड्याने घेऊन नाही चालवणार, ट्रेक नको, चालायला कितीही सांगा. बजेट सगळं धरून ३०-३५ हजार. डॉर्म नको, घोरणं ऐकायला घरी माणूस आहे. डोक्यात असलेली नावं: हंपी, पाँडिचेरी, गुहागर-दापोली, काशी, महेश्वर. यातलं काय ठेवू, काय काढू?

चहाबाज:
वूमन्स स्पेशल टूर घ्या की एखादी, वीणा वर्ल्ड वगैरेंच्या असतात. सगळं आयतं, संध्याकाळी गाणी-गेम्स, सेफ्टीचं टेन्शन नाही.

मुठाकाठ (धागाकर्ती):
चहाबाज, धन्यवाद, पण गेम्सच नकोत हो. आणि स्वतंत्र खोली हवी म्हटलं की वर जे पैसे लावतात त्यात माझी अर्धी ट्रिप होते.

दगडधोंडे:
हंपी माझं अत्यंत लाडकं, त्यामुळे खरं तेच सांगतो. दिवसा हंपीसारखं एकट्या माणसाला दुसरं ठिकाण नाही. रिक्षा दिवसभरासाठी ठरवायची, विठ्ठल मंदिरात ५० च्या नोटेवरचा तो रथ बघायचा, मग अच्युतरायाच्या देवळाच्या ओसाड बाजारात बसून राहायचं, कोणी विचारायला येत नाही. १५६५ च्या लढाईनंतर हे एवढं शहर मोडलं आणि बाजाराच्या दगडी ओवऱ्या अजून रांगेत उभ्या आहेत, घाईघाईत बघू नकाच.

पण तुमच्या निकषावर हंपी नापास. विरूपाक्षाची संध्याकाळची आरती झाली की हंपी बाजार आटोपतो, अवशेषांच्या भागात दिवे नाहीत. नदीपलीकडे पूर्वी जे "हिप्पी आयलंड" होतं तिथली गेस्टहाउसं सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर २०२० मध्ये पाडली, आता मुक्कामाची गर्दी सानापूर-आनेगुंदीकडे सरकलीये. मार्च २०२५ मध्ये सानापूरच्या कालव्यापाशी रात्री पर्यटकांवर हल्ला झाला, ते सगळ्यांनी वाचलंय. त्यावरून हंपी वाईट असं मी म्हणणार नाही, दिवसा गावातले लोक सरळ आहेत, पण रात्री त्या बाजूला कोणीच, म्हणजे पुरुषांनीही, रेंगाळू नये. गेलात तर मुक्काम कमलापूरला मयूरा भुवनेश्वरीत (कर्नाटक पर्यटन खात्याचं हॉटेल) किंवा सरळ होसपेटला, तेरा किलोमीटर तर आहे. आणि संध्याकाळी मग काय कराल? होसपेटच्या बसस्टँडवर इडली खाल :)

बिनदोरीचा_पतंग:
कोकणाबद्दल. मी पुरुष, एकटाच फिरतो. दापोलीच्या बाजूला एका ठिकाणी फोनवर आधी "किती माणसं?" "एक" म्हटल्यावर "खोल्या फुल आहेत". मित्राने पाच मिनिटांनी चार जणांसाठी फोन केला तर खोल्या होत्या. दुसऱ्या एका मालकाने निदान तोंडावर सांगितलं, साहेब एकटा माणूस येतो, काही करून घेतलं तर पोलिसांच्या खेपा मी घालायच्या का. त्याचंही चूक म्हणवत नाही. बायकांना हे उत्तर थोडं गोड आवाजात मिळतं एवढाच फरक.

एमटीडीसीच्या (सरकारी पर्यटन महामंडळाच्या) निवासात हा त्रास मला कधी झाला नाही. पण संध्याकाळचं म्हणाल तर गुहागरचा किनारा अंधार पडल्यावर म्हणजे फक्त आवाज. आठला जेवण, नऊला घरमालक झोपले, साडेनऊला तुम्ही आणि पाल. मला आवडतं, तुम्हाला चालणार नाही. त्यातल्या त्यात गणपतीपुळं, देवळापाशी रात्रीपर्यंत माणसं असतात.

कोथरूड_डेपो:
काशीची संध्याकाळ म्हणजे विषयच नाही, दशाश्वमेधची आरती, मग गल्ल्यांत मलइयो (दुधाच्या फेसाची मिठाई, फक्त थंडीत मिळते, पण ती सकाळी), आणि अस्सीपर्यंत घाटाघाटाने माणसंच माणसं. पण जानेवारीत जाऊ नका!! धुकं असतं, गाड्या दहा-दहा तास लेट, विमानं रद्द. आठवड्याच्या रजेतले दोन दिवस स्टेशनात जातील. फेब्रुवारीचा शेवट किंवा नोव्हेंबर ठेवा.

मुठाकाठ:
काशी यंदा बाद मग. कोकण पण बाद, पाल ऐकूनच बाद. दगडधोंडे, तुम्ही हंपी नापास केलं आणि मला जास्तच जावंसं वाटायला लागलं, ते नवऱ्याला ओढत नेईन कधीतरी.

तिखटमीठ:
मी दरवर्षी एकटी जाते, वय ५२. तुमचा प्रश्न आवडला, कारण हॉटेल बुक करताना मी पण हेच बघते की खोलीतून निघून चालत चालत रात्री नऊला परत येता येईल का, वाटेत दुकानं उघडी असतील का. रिक्षा लागली की संध्याकाळ मेली, कारण मग आपण बाहेरच पडत नाही.

या हिशोबाने पाँडिचेरीला पैकीच्या पैकी. समुद्राकाठचा रस्ता संध्याकाळी सहापासून सकाळी साडेसातपर्यंत गाड्यांना बंद असतो, अख्खं गाव तिथे चालायला येतं, आज्या, पोरं, आइस्क्रीमवाले, दगडांवर बसून राहा किती वाजेपर्यंत तरी. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडचा पाऊस, जानेवारीत तो बराच ओसरलेला असतो. पण दोन गोष्टी. एक म्हणजे पोंगल, तुमच्या संक्रांतीलाच येतो, त्या आठवड्यात चेन्नईच्या आसपास बस-ट्रेनला मुंगी शिरायला जागा नसते. दुसरं म्हणजे पुणे-चेन्नई विमान, तिथून दीडशे किलोमीटर, शिवाय व्हाइट टाउनमधल्या (समुद्राकाठची जुनी फ्रेंच वस्ती) खोल्यांचे भाव. तुमच्या बजेटला घाम फुटेल.

तुमच्या यादीत नाही पण म्हैसूरचा विचार करा. रविवारी आणि सरकारी सुट्टीला संध्याकाळी राजवाड्यावर जवळजवळ लाखभर दिवे लावतात, ते बघायला सगळं म्हैसूर सहकुटुंब येतं, त्या गर्दीत एकटी बाई कोणाला दिसत पण नाही. देवराजा मार्केटमध्ये फुलांच्या राशी, खायला डोसे, शाकाहारी माणसाची चैन.

आणि एक नियम, कुठेही गेलात तरी नव्या गावात उजेडी पोचायचं. रात्रीच्या बसने पहाटे साडेतीनला उतरवणारं गाव असेल तर ती बस स्वस्त नाही.

नर्मदे_हर:
धाग्यात महेश्वर कोणी घेतलंच नाही अजून! मी इंदूरची लेक, पुण्याची सून, त्यामुळे थोडं पक्षपाती लिहिणार.

महेश्वर म्हणजे मध्य प्रदेशातलं नर्मदाकाठचं गाव, छोटं आहे, तेच त्याचं बरं आहे. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ राज्य केलं ते इथून, किल्ल्याच्या वाड्यात त्यांची गादी बघायला मिळते, ती बघून लोक गप्पच होतात कारण राजगादी म्हणावं असं तिथे काही नाही, साधी बैठक. तिथून पायऱ्या उतरल्या की घाट. संध्याकाळी चार-साडेचारला घाटावर जाऊन बसायचं. कपडे धुणाऱ्या बायका शेवटचं पिळून घेत असतात, परिक्रमावासी (नर्मदेची पायी प्रदक्षिणा करणारे) काठी-कमंडलू टेकवून चहा पीत असतात, त्यातले निम्मे आपल्याकडचेच निघतात, कोणीतरी "पुण्याच्या का? पुण्यात कुठे?" विचारतंच. मग दिवे सोडणं, छोटीशी आरती. साडेसात-आठपर्यंत घाट जागता असतो. घाटाच्या वरच्या अंगालाच खोली घ्या, दोन गल्ल्या चालत परत.

आठनंतरचं मात्र खरं सांगते, महेश्वर झोपतं. म्हणून सगळा आठवडा तिथे नको. शेवटचे दोन-तीन दिवस इंदूरला काढा, राजवाड्याजवळ राहा. सराफा बाजार! दिवसा सोन्याची दुकानं, ती रात्री बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात ते मध्यरात्रीनंतरपर्यंत. सगळं शाकाहारी. भुट्ट्याचा कीस, साबुदाण्याची खिचडी (वाफेवरची, आपल्यासारखी परतलेली नाही, भांडू नका), आणि जानेवारीत गराडू, म्हणजे कंद तळून वर मसाला-लिंबू, तो फक्त थंडीतच. रात्री अकराला तिथे सासू-सून-नातवंडं खात उभी असतात. एकट्या बाईने एक प्लेट घेऊन उभं राहणं तिथे बातमी नाही.

मांडूला (जुना किल्ला आणि महालांचं गाव) मुक्काम नको, वास्तू लांब लांब आणि संध्याकाळी सामसूम. महेश्वरहून चाळीसेक किलोमीटर, दिवसाची टॅक्सी करून परत या. ओंकारेश्वर करायचं तर सोमवार सोडून. आणि १४ जानेवारी नर्मदेच्या कुठल्याही घाटावर नको, संक्रांतीच्या स्नानाला लोटच्या लोट येतात.

स्पष्टवक्ता:
एकटं फिरण्याचं फॅड आलंय सध्या. घरच्यांना सोडून गराडू खायला इंदूरला जाणार. चालू द्या.

नर्मदे_हर:
स्पष्टवक्ता, तुम्हाला पार्सल आणेल कोणीतरी.

तिखटमीठ:
मुठाकाठ, आधी एक रंगीत तालीम करा असं सुचवेन. एखाद्या रविवारी स्वारगेटवरून एसटीने वाईला जा. बायकांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहेच, खर्च नगण्य. मेणवलीचा घाट बघा, आणि मुख्य म्हणजे एकटीने खानावळीत बसून पूर्ण जेवा, मोबाइल पर्समध्ये ठेवून. ते जमलं की बाकी सगळं जमतं.

मुठाकाठ:
अपडेट देते. वाईला जाऊन आले! ढोल्या गणपती, मग मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा, आणि घाटावरच्या छोट्या देवळात ती पोर्तुगीजांची भलीमोठी घंटा टांगलेली आहे, वसईच्या मोहिमेतून आणलेली. तिच्यावर येशूची आई कोरलेली दिसते आणि खाली कृष्णा. तिथे एक बाई गोधड्या धूत होत्या, गोधडी भिजली की एकटीला उचलत नाही, मला म्हणाल्या एक टोक धरा. धरलं. चांगला अर्धा तास मी पीळ घालत होते आणि ओळख ना पाळख त्यांच्या जावेची सगळी लफडी ऐकली.

खानावळीत "एकच ताट? की कोणी यायचंय?" हे दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा वाढपी आला तो फक्त भाकरी वाढून गेला. मोबाइल काढला नाही, फार वेळ वाटला पहिली पाच मिनिटं, मग आमटी चांगली होती.

तर महेश्वर आणि इंदूर नक्की! म्हैसूर पुढच्या वर्षीला. आता दोन प्रश्न. जायचं कसं, आणि महेश्वरी साडी हातमागाचीच आहे हे ओळखायचं कसं?

कोथरूड_डेपो:
दौंडहून येणारी इंदूर गाडी दुपारी पुण्यातून निघते आणि सकाळी इंदूरला सोडते, वसई-बडोदा-रतलाम असा मोठा वळसा आहे पण उजेडी पोचवते, तिखटमीठ यांच्या नियमात बसतं. रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं चार महिने आधी नाही, त्यामुळे तारीख मोजून त्या सकाळी बसा. ४५ च्या वरच्या बायकांना जागा असेल तर सिस्टीम आपोआप खालचा बर्थ देते, वय बरोबर टाका, लाजू नका. गाडीत काही त्रास झाला तर रेल्वेची हेल्पलाइन १३९, बाहेर पोलिसांसाठी ११२. इंदूरहून महेश्वर नव्वदेक किलोमीटर, थेट बस नाही मिळाली तर धामनोदला उतरून बदलायची, तिथून जवळच.

नर्मदे_हर:
साडीचं: घाटाजवळच्या पहिल्या दुकानात घेऊ नका. आधी रेहवा सोसायटीत (तिथली विणकरांची संस्था) चालू माग बघा, म्हणजे हात लावल्यावर कापड काय असतं ते कळेल. मग गावात घरोघरी माग आहेत, आत बोलावतात. महेश्वरीची किनार दोन्ही बाजूंनी सारखीच दिसायला हवी, उलटून बघा, मागे धागे लोंबत असतील तर ठेवून द्या. हँडलूम मार्कचं लेबल विचारा. भाव करा पण विणणाऱ्याच्या घरी फार ताणू नका, दुकानात खुशाल ताणा. खोलीसाठी थेट फोन करा आणि "एकटी आहे" हे आधीच सांगा, जो त्यावर दोन सेकंद थांबेल त्याच्याकडे नको, पुढचा नंबर लावा.