नव्वदीतलं बळ : तुमच्या घरातल्या दोन पिढ्या

आईला परवा 91 वर्षं पूर्ण झाली. याच वयाची आजी मला लख्ख आठवते. जमिनीवर बसलेली असली तरी हात न टेकता उठायची. आई खुर्चीतून उठतानाही आधी कडेला सरकते, दोन्ही हातांवर भार देते, क्षणभर थांबते आणि मग उभी राहते. पण आजीला शेवटची वर्षं दिसत नव्हतं, माणसं ओळखू येत नव्हती. आई रोज पेपर वाचते, औषधांचा हिशोब स्वतः ठेवते.

डेन्मार्कमध्ये अशीच तुलना झाली आहे. 1905 साली जन्मलेल्यांना 1998मध्ये, वयाच्या 93व्या वर्षी तपासलं आणि 1915 साली जन्मलेल्यांना 2010मध्ये, 95व्या वर्षी. दोन वर्षांनी मोठा असूनही दुसरा गट बुद्धीच्या चाचण्यांत आणि रोजच्या कामांत सरस ठरला. हाताची पकड, खुर्चीतून उठणं, चालण्याचा वेग यांत मात्र ठाम फरक दिसला नाही. वाचलं आणि आईच डोळ्यांसमोर आली.

तुमच्या घरी काय दिसलं? वय आणि एखादी नेमकी हालचाल जरूर लिहा.

*

तुमच्या आजीला भावंडं किती होती? माझे आजोबा सात भावंडांतले, नव्वदी पाहिली ती त्यांनी एकट्यानंच. मुळात काटक होते म्हणून तर तिथवर पोचले. बाबांच्या पिढीत तिघं नव्वदीपार आहेत. एका काकांची बायपास झाली आहे, आत्याला पेसमेकर आहे. आजोबांच्या काळी ही दोघं सत्तरीही गाठती ना. आत्या अशक्त आहे, पण आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. तेव्हा आजोबांशी तिची तुलना करू नका.

*

सासरे 92व्या वर्षापर्यंत जिना चढायचे. न्यूमोनियामुळे अकरा दिवस रुग्णालयात होते. न्यूमोनिया बरा झाला, पण त्या अकरा दिवसांत पडतील या भीतीनं त्यांना कुणी पलंगावरून उतरूच दिलं नाही. घरी आले ते व्हीलचेअरवर. मी तेव्हा भांडायला हवं होतं.

*

माझी आई 80 वर्षांची आहे आणि आजी 80 वर्षांची असताना होती त्यापेक्षा कितीतरी झपझप चालते. फिनलंडमध्ये 75 आणि 80 वर्षांच्या लोकांची अशी तुलना झाली, सुमारे 28 वर्षांच्या अंतरानं. तिथेही नंतरची पिढी चालण्यात आणि मांडीच्या ताकदीत बरीच पुढे निघाली. म्हणजे ऐंशीपर्यंत फायदा दिसतो. पुढच्या दहा वर्षांत काय होतं, हे मला आईकडे बघत शिकायचं आहे.

*

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हात छातीशी बांधून खुर्चीतून सलग पाच वेळा उठायला सांगते, वेळ मोजते. चार मीटर चालायला पाच सेकंदांहून जास्त लागले तर लक्ष घालते. नातेवाईक म्हणतात, "आता या वयात कशाला त्रास?" त्यांना मी 1990 सालचा एक छोटा अभ्यास सांगते. वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या मोजक्या लोकांनी आठ आठवडे पायांसाठी वजनाचा व्यायाम केला आणि ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. पिढी कुठलीही असो, स्नायू ऐकतो. मात्र हृदयविकार किंवा तोल जाण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा.

*

ताई, तुमचं वाचून काल खुर्ची भिंतीला लावली. आईनं हात बांधले. पहिल्यांदा उठली, दुसऱ्यांदा उठली, तिसऱ्या वेळी उजवा हात आपसूक खुर्चीच्या हातावर गेला. "हा धरायचा नाही ना?" म्हणाली आणि परत बसली. आज सकाळी मी पेपर घेऊन गेले, तर ती म्हणाली, "आधी खुर्ची लाव."