डिस्ट्रक्टरच्या भरवशावर आवराआवर सोडावी का?

काटेवाला
पटलं नाही तर झोडा, पण माझं मत ठाम आहे. पायथनच्या डेल मेथडमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट मरताना आपोआप चालणाऱ्या डिस्ट्रक्टरमध्ये, डेटा वाचवणारी एकही ओळ नसावी.

एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मी लिहिलेला प्रोग्रॅम चालतो. उसाची भरलेली गाडी काट्यावर आली की वजन, रिकामी परतली की पुन्हा वजन, वजाबाकी, पावती. दर पावतीला डिस्कवर कशाला लिहायचं, म्हणून मी २० पावत्या मेमरीत साठवून एकदम फाइलमध्ये टाकायचो. उरल्यासुरल्या डेलमध्ये. पाळी बदलली की ऑपरेटर प्रोग्रॅम बंद करायचा आणि शेवटच्या पाच-सात पावत्या गायब. शेतकऱ्याच्या हातात छापील कागद, फाइलीत नोंद नाही. शिव्या कोणी खाल्ल्या ते विचारू नका.

झालं असं, की पावत्या सांभाळणारा ऑब्जेक्ट ग्लोबल होता, म्हणजे प्रोग्रॅम संपेपर्यंत जगणारा. त्याचा नंबर लागेपर्यंत इंटरप्रिटरने (प्रोग्रॅम चालवणाऱ्या पायथनने) स्वतःचंच घर आवरत आणलं होतं. डेलमध्ये फाइल उघडायला गेलो तर 'ओपन' हे नावच सापडेना, नेमएरर. त्यात डेलमधलं एक्सेप्शन, म्हणजे चालताना उडालेली चूक, पायथन वर जाऊच देत नाही, 'एक्सेप्शन इग्नोर्ड' छापून पुढे सरकतो. एक्झिट कोड शून्य, म्हणजे सगळं आलबेल! खिडकी मिटत असताना ती ओळ वाचणार कोण?

जुनासीवाला
नाचता येईना, अंगण वाकडं. सी प्लस प्लसमध्ये स्कोप (ऑब्जेक्ट ज्या कोडच्या तुकड्यापुरता जगतो तो) संपला की डिस्ट्रक्टर चालतो म्हणजे चालतो, एक्सेप्शन उडालं तरी. आम्ही वर्षानुवर्षं फाइली, लॉक, सॉकेट असेच सोडतो. दोष पायथनचा, डिस्ट्रक्टरला कशाला बदनाम करता?

रात्रपाळी
जुनासीवाला, मेन फंक्शनमध्ये लोकल ऑब्जेक्ट ठेवा आणि मधूनच प्रोग्रॅम संपवणारं एक्झिट बोलवा. प्रोग्रॅमभर जगणाऱ्या स्टॅटिक ऑब्जेक्टचे डिस्ट्रक्टर चालतील, त्या लोकलचा चालणार नाही. आणि दोन वेगळ्या फाइलींमधल्या ग्लोबलमध्ये आधी कोण मरणार, हे तरी कोणी ठरवून दिलंय? लॉगर आधी गेला आणि दुसऱ्याच्या डिस्ट्रक्टरने लॉग लिहायला घेतला की बसा गोंधळ निस्तरत.

जुनासीवाला
ग्लोबल ठेवणाऱ्याने ते भोगावं. माझा मुद्दा स्कोपचा आहे, एक्झिटचा नाही.

अर्धीजावा
आमच्याकडे या वादावर पडदा पडलाय. फायनलाइझ, म्हणजे जावातली डेलसारखी मेथड, २०१७ मध्ये जावा ९ ने नापसंत ठरवलं आणि २०२२ मध्ये जावा १८ ने काढून टाकण्याच्या यादीत घातलं. क्लोज स्वतः बोलवा, नाहीतर काम संपताच क्लोज आपोआप बोलवणारं ट्राय-विथ-रिसोर्सेस वापरा.

नवशिकी
एक शंका. पायथन ३.४ मध्ये, म्हणजे २०१४ लाच, हे दुरुस्त झालं ना? आमचे सर तरी तसं शिकवतात.

काटेवाला
अर्धं झालं, ताई. त्याआधी एकमेकांना धरून बसलेल्या ऑब्जेक्टपैकी एकालाही डेल असली, तर ती साखळी गोळाच होत नसे. ते सुटलं. बंद होताना मॉड्यूलमधली नावं सरसकट 'नन' व्हायची, तेही बरंच कमी झालं. पण शेवटपर्यंत जिवंत राहिलेल्या ऑब्जेक्टची डेल चालेलच, अशी हमी आजही नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये तसं लिहिलंय, सरांना दाखवा. (माझ्याकडचं पायथन ३.८ होतं, जुनं म्हणून सुटका नाही.)

पर्याय म्हणून विथ वापरा, त्याचा ब्लॉक संपताच आवराआवर होते. ते जमत नसेल तर पायथनच्याच वीकरेफ मॉड्यूलमधलं फायनलाइझ, ऑब्जेक्ट मेला की ठरवून दिलेलं फंक्शन चालवणारं. इंटरप्रिटर शाबूत असतानाच ते चालतं. फक्त त्याला त्याच ऑब्जेक्टची मेथड देऊ नका. दिलीत तर ऑब्जेक्ट स्वतःलाच धरून बसतो आणि बंद होईपर्यंत मरत नाही. मी ही चूक केलेली आहे.

रात्रपाळी
आता काटेवाल्यांशीच भांडतो. विथ घ्या, फायनलाइझ घ्या, तुमची आवराआवर 'नीट बंद होण्यावर'च टांगलेली राहते. वजनकाट्याच्या खोलीत कोणीतरी प्लगला पाय लावला तर? 'बंद हो' सांगणारा सिगटर्म सिग्नल आला तर? त्याचा हँडलर (सिग्नल आला की चालणारं फंक्शन) लिहिला नसेल तर पायथन जागच्या जागी मरतो, बंद होताना चालणारं अॅटएक्झिट नाही, विथ नाही. हँडलर लिहिलात तरी, कंटेनरमध्ये चालवत असाल तर तो बंद करणारा डॉकर स्टॉप साधारण १० सेकंद थांबतो, मग जागीच मारणारा सिगकिल. त्याला तर हँडलरच नसतो.

२००३ मध्ये जॉर्ज कँडिया आणि आर्मांडो फॉक्स यांनी क्रॅश-ओन्लीची कल्पना मांडली. बंद करण्याची वेगळी वाट ठेवूच नका, प्रोग्रॅम मारणं हेच बंद करणं, आणि सावरायचं ते पुढच्या वेळी सुरू होताना. मला हेच पटतं. पावती झाली की लिहा, फ्लश करा, एफसिंक करा (म्हणजे डेटा खरंच डिस्कवर उतरवा). नुसत्या फ्लशने डेटा ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात जातो. प्रोग्रॅम मेला तर तो वाचतो, लाइट गेली तर वाचेलच असं नाही. २० पावत्यांचा साठा वेगासाठी केलात म्हणता, पण एका ट्रॅक्टरला काट्यावर चढून उतरायलाच काही मिनिटं जातात. एफसिंकचे मिलिसेकंद कोणाच्या डोळ्यात खुपणार होते?

काटेवाला
हा रट्टा बरोबर बसला. साठा करण्याचं काहीच कारण नव्हतं, उगाच हुशारी केली. पावतीचं म्हणणं मान्य.

पण 'आवरूच नका' हे मान्य नाही. मेमरी, उघड्या फाइली, सॉकेट हे ऑपरेटिंग सिस्टिम परत घेते, ठीक. काट्याच्या तोंडाशी बूम बॅरियर आहे, त्याला मीच 'वर' असा हुकूम दिलेला असतो. माझी प्रोसेस मेली हे त्याला कळत नाही. बॅरियर तसाच वर, पुढची गाडी काट्यावर, वजन घेणारा कोणी नाही. लॉक फाइल, अर्धी छापलेली पावती, मागे राहिलेली चाइल्ड प्रोसेस, ही सगळी त्याच जातीची.

रात्रपाळी
बॅरियर खाली आणणं तुमच्या प्रोग्रॅमकडे ठेवलंच का? काही सेकंद सिग्नल आला नाही तर कंट्रोलरने स्वतःच खाली यावं.

जुनासीवाला
खाली गाडी उभी असली तर? टपावर आपटेल ना.

रात्रपाळी
त्यासाठी सेन्सर असतो.

काटेवाला
असतो. आमचा गेल्या हंगामापासून बंद आहे.