झँपेरिनींचं चरित्र वाचताना तुमचं काळीज कुठे हललं?

जळगावच्या आमच्या वाचनकट्ट्यावर गेल्या महिन्यात लुई झँपेरिनींचं चरित्र घेतलं होतं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये 5000 मीटर धावलेला हा अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धात, 27 मे 1943 ला त्याचं लष्करी विमान पॅसिफिकमध्ये कोसळलं. 47 दिवस रबरी तराफ्यावर, आणि पुढे युद्ध संपेपर्यंत जपान्यांच्या कैदेत. मारहाणीची पानं मी कोरड्या डोळ्यांनी वाचली. रडू फुटलं ते त्याच्या आईच्या हातांपाशी. पोरगा बेपत्ता झाला आणि तिच्या हातांवर पुरळ उठलं, ते चिघळतच राहिलं. 1944 मध्ये सरकारने त्याला मृत ठरवलं, तिने मानलं नाही. तो घरी आला आणि हात बरे झाले.

तुम्ही कुठे थांबलात? मोकळेपणाने लिहा, अहिराणीतही चालेल.

अमळनेर
आजीला आता दिसत नाही, म्हणून मी रोज दोन-चार पानं वाचून दाखवायचे. तराफ्यावर तिघं उपाशी, आणि लुई आपल्या आईचा स्वयंपाक तोंडी करून ‘वाढतो’. एखादी कृती राहिली तर बाकीचे अडवतात, पुढचं विचारतात. इथे आजीने मला थांबवलं. म्हणाली, 72 च्या दुष्काळात मी हेच केलं. घरात मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची लाल भाकरी, तीही अर्धी. रात्री पोरं रडायला लागली की ती त्यांना मांडे सांगायची: पुरण भरलेला उंडा हातांवर कसा वाढवायचा, कोपरापर्यंत कसा लोंबू द्यायचा, उपड्या खापरावर अलगद कसा टाकायचा. ‘तूप घातलं का?’ असं माझे बाबा विचारायचे म्हणे. तूप पडल्याशिवाय झोपत नसत. बाबांनी हे आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

भुसावळ
मी रेल्वेत गँगमन होतो. लाकडी स्लीपरचं वजन माझ्या खांद्याला ठाऊक आहे. जपानमधल्या नाओएत्सुच्या कैद्यांच्या छावणीत वातानाबे नावाचा क्रूर सार्जंट लुईला जड तुळई डोक्यावर धरून उभं करतो, आणि तो 37 मिनिटं उभा राहतो. मी पुस्तक मिटलं, घड्याळ समोर ठेवलं आणि नुसता बसून राहिलो. हात मोकळे असतानाही 37 मिनिटं सरता सरत नाहीत. पण खरं सांगतो, त्याआधीचे मारहाणीचे प्रसंग इतके एकामागे एक येतात की मन बधिर होतं. थोडे कमी असते तर तुळई आणखी जड वाटली असती.

धुळे
माझा भाऊ फौजेत आहे. 2016 मध्ये आपल्याच जिल्ह्यातला एक जवान सीमेपलीकडे पकडला गेला, ती बातमी ऐकून त्याची आजी गेली. तो पुढच्या जानेवारीत सुखरूप परतला. त्यामुळे लुईच्या आईचं प्रकरण मी आईपासून लपवूनच वाचत होतो. तरी तिने विचारलंच. सांगितलं, तर एवढंच म्हणाली, ‘आंडोर जित्ता शे, हाई मायले समजस.’ (पोरगा जिवंत आहे, हे आईला कळतं.) आणि भावाला फोन लावायला सांगितला.

चोपडा
मला सुटकेनंतरचा भाग सगळ्यात जास्त लागला. घरी आल्यावरही रोज रात्री स्वप्नात वातानाबे, मग दारू. 1950 मध्ये तो तोक्योच्या सुगामो तुरुंगात जाऊन आपल्या जुन्या पहारेकऱ्यांना माफ करतो, तिथे बरेच जण रडतात. मी नाही रडले. आमचे मोठे काका 1971 च्या लढाईत पाकिस्तानात कैद होते, 72 च्या अखेरीस परत आले. त्यांनी कुणाला माफ केलं का, हे घरात कुणी विचारलं नाही. त्यांच्या उशाखाली कायम कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीचा तुकडा असायचा. लहानपणी मला तो शिळा तुकडा वाटायचा. काकू गेल्यावर चुलतबहिणीने सांगितलं, आई रोज संध्याकाळी तो काढून ताजा ठेवायची. काकांना कळू न देता, तीस वर्षं.