तारली वर सरकली, की पापलेट आपणच संपवलं?

बेलापूरकर:
काल बेलापूरच्या दिवाळे गावच्या बाजारात तारलीचे वाटेच वाटे, पापलेट मात्र तळहाताएवढं. माझं मत स्पष्ट आहे: समुद्र तापतोय आणि मासे जागा बदलतायत. तेलाची तारली १९८५च्या आधी जवळपास सगळी कारवारच्या खाली, मलबार किनाऱ्याला मिळायची. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदींनुसार ती पुढे उत्तरेकडे पसरली. पूर्वी गार पडणारं पाणी आता तिला मानवतं. मग पापलेटचा हट्ट सोडून तारली का खाऊ नये? ताजी, स्वस्त आणि चवीला कुठेही कमी नाही.

नाखवा_दिवाळे:
दादा, तारली तुम्हाला नवी असेल. आमच्याकडे चार-पाच जातींना तारलीच म्हणतात, आणि त्यातल्या बारक्या माझी आजी टोपलीत घेऊन दारोदार फिरायची. तेलाची वाढली, कबूल. पण पापलेट लहान का मिळतं? कारण ते मोठं होऊच देत नाहीत. पर्ससीनवर, म्हणजे माशांचा अख्खा थवा वेढणाऱ्या मोठ्या जाळ्यावर, २०१६मध्ये राज्यानं निर्बंध आणले, एलईडी दिव्यांनी मासे ओढून पकडण्यावर २०१७मध्ये केंद्रानं बंदी घातली, तरी रात्री समुद्रात दिवे दिसतातच. २०२३मध्ये पापलेट राज्यमासा झाला. १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पकडायचा नाही असा नियमही आला. तुमचं तळहाताएवढं पापलेट त्या नियमात बसतं का, पट्टी लावून बघा. सगळं हवामानावर ढकललं की पिल्लं उचलणारा मोकळा सुटतो. खाडीतला जिताडा मासा कमी झाला तो कारखान्यांच्या पाण्यानं, त्याला कुठलं हवामान?

कळव्याची_शिक्षिका:
बेलापूरकर, तारलीवर एवढी भिस्त ठेवू नका. केरळात ती २०१२मध्ये चार लाख टनांच्या घरात मिळाली, २०२१मध्ये साडेतीन हजार टनसुद्धा नाही. असा मासा पापलेटची जागा कशी घेणार?

पण नाखवा, नुसती जाळी आवरून भागणार नाही. चेन्नईच्या समुद्रातल्या राणी माशाचा अभ्यास आहे. १९८०मध्ये अंड्यावरच्या माशांपैकी साधारण ३५ टक्के एप्रिल ते सप्टेंबर या उष्ण महिन्यांत सापडायचे. २००४पर्यंत ते प्रमाण ५ टक्क्यांवर आलं, विणीचा हंगाम गार महिन्यांकडे गेला. आपली पावसाळी बंदी वर्षानुवर्षं १ जून ते ३१ जुलै. उद्या आपल्याकडच्या माशांनी विणीचे महिने बदलले, तर ही बंदी कुणाला वाचवणार?

नाखवा_दिवाळे:
ताई, हा मुद्दा पटला. पण तारखा बदलताना डोलवाल्याला आधी विचारा. मोठा बोटवाला यंत्रावर मासा शोधत लांब जातो. आमची डोल म्हणजे एका जागी रोवलेलं पिशवीसारखं जाळं, ते भरती-ओहोटीच्या ओढीवर चालतं. बोंबील खोल पाण्यात किंवा उत्तरेकडे गेला तर ते त्याच्यामागे जात नाही. म्हणून पाणी तापण्याचा पहिला फटकाही आम्हालाच. तरी माझं मागणं तेच: आधी ते दिवे बंद करा, ते आजच करता येतं.

बेलापूरकर:
लहान पापलेट घेणार नाही, शब्द दिला. तारली मात्र घेणार. आणि विकणाऱ्या मावशींना ती कुठून आली हे दर वेळी विचारणार.