पिक्थॉलचं कुराण: अभ्यास की प्रचार?

वाचनखूण:
मार्माड्यूक पिक्थॉलबद्दल मराठीत कुणी बोलत नाही याचं मला कायम वाईट वाटतं. जन्म १८७५, लंडन. वडील अँग्लिकन पाद्री, दोन सावत्र बहिणी नन. हा माणूस कादंबरीकार म्हणून नाव कमावतो, १९१७ च्या नोव्हेंबरात लंडनमधल्या एका व्याख्यानात आपण मुसलमान झाल्याचं जाहीर करतो, १९२० मध्ये मुंबईला येऊन 'बॉम्बे क्रॉनिकल' या इंग्रजी वृत्तपत्राचा संपादक होतो आणि १९२५ पासून जवळजवळ दहा वर्षं निझामाच्या हैदराबादेत काढतो. तिथे आधी चादरघाटच्या शाळेचा मुख्याध्यापक, मग 'इस्लामिक कल्चर' या त्रैमासिकाचा संपादक. याच नोकरीत असताना, १९३० साली, त्याचं कुराणाचं इंग्रजी भाषांतर बाहेर पडलं.

विषय काढला की ठरलेलं उत्तर येतं: धर्म बदललेल्या माणसाचं पुस्तक, म्हणजे प्रचारच. मला हे साफ अमान्य आहे. त्याच्या आधीची इंग्रजी भाषांतरं कुणाची होती ते बघा. जॉर्ज सेलने १७३४ मध्ये वाचकाला उद्देशून लिहिताना सरळ सांगितलं की कुराणावर यशस्वी हल्ला प्रॉटेस्टंटच करू शकतात. रॉडवेल (१८६१) पाद्री होते आणि त्यांनी सूरांचा, म्हणजे कुराणातल्या अध्यायांचा, पारंपरिक क्रम मोडून आपल्या हिशेबाने नवा लावला. यांना आपण 'अभ्यासक' म्हणतो. मग ज्याने तो ग्रंथ रोजच्या नमाजात म्हटला, १९१९ मध्ये लंडनमध्ये इमाम म्हणून खुतबे (शुक्रवारच्या नमाजातली प्रवचनं) दिले, त्यालाच तेवढा प्रचारक का ठरवायचं?

सडेतोड:
कारण तो होता, म्हणून. तुमच्या परिचयात १९१७ च्या आधीची वर्षं गायब आहेत. १९१३ मध्ये पिक्थॉल तुर्कस्तानात राहून आला आणि तेव्हापासून त्याने तुर्की सत्तेची वकिली चालवली. १९१५ मध्ये तुर्की साम्राज्यातल्या आर्मेनियन लोकांच्या कत्तलींच्या बातम्या येत होत्या तेव्हाही ती थांबली नाही. त्या बातम्यांवर विश्वास ठेवायला हा गृहस्थ तयार नव्हता. पुढे मुंबईत आला तो तुर्की खलिफाचं पद टिकवायला निघालेल्या खिलाफत चळवळीच्या ऐन भरात, आणि त्या चळवळीचाच पाठीराखा म्हणून. आधी राजकारण ठरलं, धर्म मागून आला. अशा माणसाने केलेलं भाषांतर निखळ विद्वत्तेचं म्हणून वाचायला मी तयार नाही. सेल आणि रॉडवेलही पूर्वग्रहदूषित होते, मान्य. पण दोन चुकांची बेरीज केली की बरोबर उत्तर येत नाही.

उंबरठा:
सडेतोड, 'आधी राजकारण, मग धर्म' हा क्रम तारखांत बसत नाही. पिक्थॉल विशीही न ओलांडलेला असताना, १८९४ च्या सुमारास, पॅलेस्टाइन-सीरियात हिंडत होता. दमास्कसच्या उमय्यद मशिदीतल्या एका वयोवृद्ध शेखकडे तो अरबी शिकत होता आणि तिथेच त्याने मुसलमान व्हायची इच्छा बोलून दाखवली. शेखने चक्क नकार दिला. अजून मोठा हो, आधी आपल्या देशी परत जा, असं सांगितलं. वर हेही म्हणाला की माझा मुलगा एखाद्या ख्रिस्ती शिक्षकाकडे असता तर त्याने जसं वागावं असं मला वाटलं असतं, तसाच मी तुझ्याशी वागतोय. हे पिक्थॉलनेच लिहून ठेवलंय.

त्यानंतर वीस-बावीस वर्षं गेली. लग्न झालं, कादंबऱ्या झाल्या, या काळात तो ख्रिस्तीच होता. आणि जाहीर केलं ते कधी? ब्रिटन तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्याशी लढत असताना. लंडनमध्ये त्या दिवसांत तुर्कांच्या धर्मात जाऊन कुणाचा काय फायदा व्हायचा होता?

सडेतोड:
फायद्यासाठी केलं असं मी म्हटलेलंच नाही. माणूस प्रामाणिक असूनही एका बाजूचा असू शकतो. उलट प्रामाणिक प्रचारक जास्त पटतो, म्हणून जास्त जपून वाचावा लागतो.

मराठवाडी माणूस:
मला दमास्कसपेक्षा हैदराबादबद्दल बोलायचंय. आमचे आजे-पणजे त्याच संस्थानात वाढले. प्रजा बहुसंख्येने हिंदू, बोली तेलुगू, मराठी, कानडी. राज्यकारभार उर्दूत, आणि १९१८ पासून उस्मानिया विद्यापीठही उर्दूत. मराठी शाळा काढायची तर परवानग्यांसाठी खेटे घालायचे. त्या काळात निझामाच्या तिजोरीतून 'इस्लामिक कल्चर' १९२७ मध्ये सुरू झालं आणि भाषांतरासाठी या साहेबांना दोन वर्षांची भरपगारी रजा मिळाली. आमच्या गावचा शेतसाराही त्याच तिजोरीत जात होता. पिक्थॉल विद्वान असेल, पण ज्या इंग्रजाने मुंबईत बसून साम्राज्याविरुद्ध अग्रलेख लिहिले, त्याला हैदराबादेतली एकहाती सत्ता खटकली नाही, हे मला सलतं.

वाचनखूण:
तुमचं सलणं मी हलक्यात घेत नाही. पण त्याच तिजोरीतून पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीलाही पैसे गेले. तिथलं निझाम गेस्ट हाऊस आजही उभं आहे. म्हणून सुकथनकरांच्या संपादनाला आपण दरबारी काम म्हणत नाही. पैसा कुठून आला याची नोंद जरूर ठेवावी, पण पानावर काय उतरलं ते पान वाचूनच ठरवावं. आणि रझाकारांचा काळ पिक्थॉलच्या नावावर लावू नका. १९३५ मध्ये तो इंग्लंडला परतला आणि १९३६ च्या मे महिन्यात कॉर्नवॉलमध्ये वारला.

मराठवाडी माणूस:
रझाकारांचं नावही मी काढलं नव्हतं. आणि महाभारताची तुलना लागू नाही. भांडारकर संस्था निझामाची नोकर नव्हती, पिक्थॉल होता.

ओवी आणि आयत:
मी मराठी मुसलमान घरातली. आमच्याकडे पिक्थॉलचं भाषांतर होतं, पण वाचलं जायचं ते अब्दुल्ला युसुफ अलींचं. तेही जन्माने मुंबई इलाख्यातले, आणि त्यांच्या भल्यामोठ्या टीपांमुळे शिकणाऱ्याला हात धरून नेल्यासारखं वाटतं. पिक्थॉलची इंग्रजी जुन्या बायबलच्या वळणाची. शाळेत असताना मला ती अजिबात झेपली नाही.

पण 'प्रचार' म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट बघावी. प्रचार करणारा माणूस आपल्याच लोकांचा रोष ओढवून घेतो का? हस्तलिखित तपासून घ्यायला पिक्थॉल इजिप्तला गेला, तेव्हा कैरोच्या अल-अझहर विद्यापीठातल्या अनेक उलेमांना (धर्मपंडितांना) कुराणाचं भाषांतर करणंच मंजूर नव्हतं. तरी तो तिथे थांबला. गमरावी नावाच्या इजिप्शियन विद्वानासोबत बसून मजकूर तपासला. आणि प्रस्तावनेत सुरुवातीलाच सांगून टाकलं की कुराणाचं भाषांतर होऊच शकत नाही, हा फक्त अर्थ पोहोचवायचा प्रयत्न आहे. पुस्तकाचं नावही त्याने 'द मीनिंग ऑफ द ग्लोरियस कुराण' असंच ठेवलं.

दुसरं, मद्रासला त्याने इस्लामी संस्कृतीवर व्याख्यानं दिली. समोर मुसलमान श्रोते. तिथे उभं राहून त्याने सांगितलं की हिंदुस्थानात बायकांना ज्या पडद्यात कोंडतात तो इस्लामचा नाही, आणि बायकांना शिक्षणापासून तोडणं हे धर्माविरुद्ध आहे. १९२० च्या दशकात हे ऐकायला किती जणांना आवडलं असेल? माझ्या आजीच्या पिढीतल्या बायकांना त्या वाक्यांची गरज होती. म्हणून हा माणूस मला शिक्षक वाटतो.

नाताळी:
मी मराठी ख्रिस्ती. या वादात मला दोन्ही बाजू एकच गृहीत धरताना दिसतात, की श्रद्धा असली की अभ्यास बाटतो. एक म्हणतो बाटला, दुसरा म्हणतो नाही बाटला. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर ख्रिस्तावर अभंग लिहिले. ते अभंग श्रद्धेतूनच आले, त्याशिवाय आलेच नसते. पंडिता रमाबाईंनी तर बायबलच मराठीत आणलं. आम्ही ते त्यांच्या श्रद्धेसकट वाचतो. वाचनखूण, तुम्ही पिक्थॉलला 'केवळ अभ्यासक' म्हणून सोडवायला बघताय. त्याला स्वतःला ते आवडलं नसतं असं मला वाटतं. आणि माझ्या धर्मातून कुणी गेला म्हणून मला राग नाही, पण सेल-रॉडवेलकडे बोट दाखवून त्याची बाजू मांडायची गरज नव्हती.

सडेतोड:
नाताळी, तुमचं म्हणणं मला वाचनखूणपेक्षा जास्त पटतं. श्रद्धेचं पुस्तक म्हणून वाचा, माझी काही हरकत नाही. पडद्याबद्दल तो बोलला याचं श्रेयही देतो. पण आर्मेनियनांच्या मुद्द्यावर इथे अजून कुणी एक ओळ लिहिली नाही. ते सोडून पुढे जाता येणार नाही.

वाचनखूण:
लिहितो. तुर्कांवरच्या प्रेमापोटी त्याने मेलेल्या माणसांच्या बातम्या नाकारल्या, आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. त्याचे राजकीय लेख वाचताना हे डोळ्यांसमोर ठेवायलाच हवं. पण त्यावरून १९३० च्या भाषांतरातली एखादी आयत (कुराणातलं वचन) चुकीची ठरत असेल तर ती आयत दाखवा, मग आपण तीवर बोलू.

नाताळी, श्रद्धा वजा करा असं माझं म्हणणं नाही. श्रद्धा आहे म्हणून पुस्तक अभ्यासाच्या फळीवरून खाली उतरवू नका, एवढंच म्हणणं आहे. सेलचं नाव काढलं ते याचसाठी.

आणि मराठवाडी माणूस, 'इस्लामिक कल्चर'चे पहिल्या आठ-नऊ वर्षांचे अंक आपण दोघांनी मिळून चाळावेत असं मला मनापासून वाटतं. संस्थानातल्या मराठी प्रजेबद्दल त्यात काय आलंय आणि काय आलेलं नाही, याची यादी तुम्ही करा. पिक्थॉलनंतर ते त्रैमासिक मुहम्मद असद यांच्याकडे गेलं, तेही धर्म बदलून इस्लाममध्ये आलेले, जन्म ज्यू घरातला. तेव्हा त्यांचेही अंक घेऊ.

मराठवाडी माणूस:
चालेल. यादी करतो, पण पगारपत्रकही सोबत ठेवणार.